एका रेघेत अख्खी परभणी

चला, आज एक जिल्हा पुसून बघू.

परभणी जिल्ह्याचा नकाशा समोर पसरा आणि हातात खोडरबर घ्या. जिंतूरपासून सुरुवात करू. येलदरीच्या धरणासकट जिंतूर पुसलं. मग सेलू, मानवत, पाथरी. मग सोनपेठ, गोदाकाठचं जनाबाईंचं गंगाखेड, पालम. मग रेल्वेचं पूर्णा. शेवटी खुद्द परभणी : स्टेशन, मोंढा, कृषी विद्यापीठ, सगळं. नऊच्या नऊ तालुके गेले. सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर जमीन कागदावरून नाहीशी झाली. हात दुखला? थांबता येणार नाही. अजून हजारावर चौरस किलोमीटर पुसायचे आहेत, म्हणजे आपल्याकडचा सरासरी दीड तालुका. आकडा ७,२७४ वर पोचला की मगच खोडरबर खाली ठेवायचं.

एवढी जमीन, अख्खी परभणी अधिक दीड तालुका, २०१२ साली महाराष्ट्रातल्या एका अभयारण्याच्या हद्दीतून खरोखर वजा झाली. एका वजाबाकीत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो ना? त्या परभणीहून मोठा तुकडा एका रेघेत बसला!

अभयारण्याचं नाव माळढोक अभयारण्य. २७ सप्टेंबर १९७९ ला ते जाहीर झालं तेव्हा त्याचा पसारा होता ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. आपला सगळा जिल्हा त्यात टाकला असता आणि वर जवळपास २,३०० चौरस किलोमीटर शिल्लक राहिले असते. हद्द नव्याने आखली गेली, सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि उरले १,२२२. आठ हजार चारशे शहाण्णवचे एक हजार दोनशे बावीस. रुपयातले पंच्याऐंशी पैसे गेले, चौदा-पंधरा पैसे हातात राहिले.

चौरस किलोमीटर म्हटलं की डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून हा आकडा जरा रस्त्यावर आणू. मुंबई ते पुणे धरू दीडशे किलोमीटर. १९७९ चं अभयारण्य या रस्त्यावर पट्ट्यासारखं अंथरलं, तर त्याची रुंदी भरते ५६ किलोमीटर! रस्त्याच्या डावीकडे २८, उजवीकडे २८, आणि असं थेट मुंबईपासून पुण्यापर्यंत. २०१२ नंतर तोच पट्टा किती रुंद? आठ किलोमीटर. डावीकडे चार, उजवीकडे चार. गाडीच्या खिडकीतून जिथवर माळ दिसत होता, तिथे आता पहिल्याच टेकडीला तो संपतो.

अजून पटत नसेल तर बृहन्मुंबई घ्या. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सगळी मुंबई म्हणजे ६०३ चौरस किलोमीटर. वजा झालेल्या जमिनीत अशा बारा मुंबई बसतात. बारा! किंवा गोवा घ्या. सगळे किनारे, सगळी जंगलं, सगळ्या खाणी धरून गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. वजाबाकीचा आकडा दोन गोव्यांना थोडासा कमी पडतो, एवढंच.

आता आपल्या बोलीत येऊ, एकरात. ७,२७४ चौरस किलोमीटर म्हणजे १७ लाख ९७ हजार एकर. आणि २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या किती? १८ लाख ३६ हजार. जुळलं ना? पाळण्यातल्या बाळापासून पारावरच्या आजोबांपर्यंत, जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या नावावर एकेक एकर! एकराचे चाळीस गुंठे केले तर ७ कोटी १९ लाख गुंठे. एक गुंठा म्हणजे हजार चौरस फुटांना थोडा जास्त, नेमका तो प्लॉट, ज्याच्या जाहिराती आपल्या प्रत्येक हमरस्त्यावर लागलेल्या असतात. महाराष्ट्रात २०११ साली २ कोटी ४० लाखांच्या आसपास कुटुंबं होती. घरटी तीन प्लॉट वाटता येतील एवढी ही जमीन!

पाऊस मोजून बघायचा? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे जमिनीवर पाण्याचा नखाएवढा पातळ थर, छत्री उघडेपर्यंत थांबणारी सर. तेवढी सर या ७,२७४ चौरस किलोमीटरवर पडली तर पाणी होतं ७२७ कोटी लिटर. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरली तर तिच्यात साडेतीन लाख लिटर मावतात. म्हणजे एका नखभर सरीत वीस हजार विहिरी डबडबून जातात! तो तर कमी पावसाचा मुलूख, तरी वर्षाचे ५०० मिलिमीटर धरायला हरकत नाही. झाल्या एक कोटी विहिरी. आपलं येलदरी पूर्ण भरलं की उपयुक्त साठा ८१० दशलक्ष घनमीटर होतो आणि सगळा जिल्हा सुटकेचा श्वास टाकतो. अशी साडेचार येलदरी धरणं एका वर्षात या जमिनीवर वरून ओतली जातात. ती झेलायला खाली गवत आहे की डांबर, यावर पुढचं सगळं ठरतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. त्या ८,४९६ मध्ये सगळीकडे माळ नव्हता. गावं होती, शेतं होती, बाजारपेठा होत्या. अख्खे तालुके हद्दीत गेल्यामुळे जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून रस्ता-कारखान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला परवानगीचे हेलपाटे होते, आणि ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता त्यालाही ते चुकत नव्हते. त्याची तक्रार खरी होती. हद्द आखताना मोठी चूक झाली होती आणि ती दुरुस्त करणं भागच होतं. पण ज्या जीवासाठी सगळा खटाटोप केला, त्याचं पुढे काय झालं ते आकड्यांतच बघा. कारण आता आकडे उलट्या दिशेने चक्रावून टाकतात. आतापर्यंत ते इतके मोठे होते की डोक्यात मावत नव्हते. आता ते इतके लहान होतील की विश्वास बसणार नाही.

माळढोक. मीटरभर उंच, लांब पायांचा, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातलेला राजबिंडा पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. पंधरा किलो म्हणजे घरगुती गॅसच्या टाकीत जेवढा गॅस भरतात, त्याहूनही थोडं जास्त. गॅसच्या टाकीला पंख फुटले आणि ती माळावरून उडाली, अशी कल्पना करा! विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो आणि ‘हूम’ असा खोल आवाज काढतो, तो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. देशाचा राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी याचंच नाव सुचवलं होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला.

१९६९ साली देशात अंदाजे १,२६० माळढोक होते. आता आपण त्यांना आगगाडीत बसवू. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. प्रत्येक पक्ष्याला एक बर्थ दिला तर १९६९ साली साडेसतरा डबे लागले असते. परभणीच्या फलाटावर लांब पल्ल्याची अख्खी गाडी उभी आहे आणि प्रत्येक खिडकीतून एक पांढरी मान बाहेर डोकावते आहे, डोळ्यांपुढे आणा. आता २०१८ ची गाडी आणा. देशभरातले माळढोक उरले १५० च्या आत. डबे दोन. दोनच डबे! दोन डबे भरून सहा पक्षी दारात उभे राहतील, आणि मागचे साडेपंधरा डबे रिकामे धडधडत जातील. एकोणपन्नास वर्षांत १,११० पक्षी गेले. भाग देऊन बघा : दर सोळा दिवसांना एक. पंधरवडा उलटला की एक बर्थ रिकामा, असं सतत अर्धशतक.

मोंढ्यातल्या काट्यावर त्यांना ठेवू. नर मोठा, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. सरासरी आठ किलो धरू. देशातले सगळे दीडशे माळढोक एकत्र तोलले तर काटा बारा क्विंटलवर थांबतो. सोयाबीनचे पन्नास किलोचे चोवीस कट्टे. आपल्याकडे बऱ्यापैकी पिकलेल्या दीड-दोन एकरांतलं सोयाबीन, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तळाला पडून राहील एवढं. काश्मीर ते कन्याकुमारी पसरलेल्या देशातली एक अख्खी जात, आणि तिचं एकूण वजन ट्रॉलीच्या तळाएवढं!

आणि आता अंडी. माळढोकाची मादी वर्षाला बहुतेक वेळा एकच अंडं घालते. घरटं नाही, काड्या नाहीत. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा, त्यात मातकट रंगाचं एक अंडं, आणि त्यावर चार आठवडे बसलेली आई. कोल्हा, कुत्रा, कावळा, मेंढरांचा कळप, जेसीबी, सगळ्यांपासून ते एकटीने जपायचं. दीडशेत निम्म्या माद्या धरल्या तर वर्षाची अंडी पंच्याहत्तर. आपल्या किराणा दुकानात अंड्यांचा ट्रे तीसचा असतो. म्हणजे सगळ्या देशाची वर्षभराची अंडी अडीच ट्रे! पोल्ट्रीतली एक चांगली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. म्हणजे एक कोंबडी तीन महिन्यांत जेवढी अंडी घालते, तेवढीच भारतातल्या सगळ्या माळढोक माद्या मिळून वर्षभरात घालतात. या अडीच ट्रेंमधलं एक अंडं फुटलं तर ते कशाने भरून काढणार?

आपल्या सोलापुरातल्या नान्नजच्या माळावर, जो त्या राखलेल्या ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये होता, गेल्या काही वर्षांत एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. एका पक्ष्याची बातमी! नुसतं दिसल्याची!

दीडशेतले बहुतेक पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथे माळ मोठा आहे, पण आकाशात विजेच्या तारा आहेत. माळढोकाचे डोळे बाजूंना वळलेले, समोरचं त्याला कमी दिसतं. पंधरा किलोचं अंग घेऊन तो उडतो, आडवी तार दिसेपर्यंत उशीर होतो आणि वळायला जागा उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थर वाळवंटातल्या ४,२०० चौरस किलोमीटरवरच्या वीजवाहिन्यांचा हिशेब मांडला. ४,२०० म्हणजे परभणी जिल्ह्याचे तीनातले दोन वाटे. तेवढ्याशा भागात तारांना धडकून दरवर्षी सुमारे ८४,००० पक्षी मरतात, असा त्यांचा अंदाज. चौऱ्याऐंशी हजार! रोजचे २३०. दर सव्वासहा मिनिटांना एक. रात्री परभणीला गाडीत बसून तुम्ही झोपी गेलात आणि बारा तासांनी मुंबईत उतरलात, तर तेवढ्या वेळात ११५ पक्षी तारांखाली पडलेले असतात. यांत बहुतेक दुसरे पक्षी, पण वर्षाला सुमारे १८ माळढोकसुद्धा. दीडशेतले अठरा म्हणजे शेकडा बारा. हेच प्रमाण आपल्या जिल्ह्याला लावून बघा : दरवर्षी दोन लाख वीस हजार माणसं. २०११ साली परभणी शहराची लोकवस्ती तीन लाखांच्या आसपास होती. दोन वर्षांच्या आत अख्खं शहर ओस पडेल आणि तिसऱ्या वर्षी पाळी गंगाखेड-जिंतूरवर येईल!

सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ ला आदेश दिला की माळढोकाच्या मुलखात शक्य असेल तिथे तारा जमिनीखाली घाला, जमणार नाही तिथे पक्ष्यांना दिसतील अशा खुणा त्यांवर लावा. किती मोठा मुलूख? सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर. अख्खा मराठवाडा धरा, वर अर्धा मराठवाडा ठेवा, तेवढा. श्वास रोखला जावा असा आदेश! मग सौर आणि पवनऊर्जेचं काय, खर्चाचं काय, तांत्रिक अडचणींचं काय, असे प्रश्न सरकारने मांडले आणि २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेतला. तज्ज्ञांची समिती नेमली. तारा कुठे जमिनीखाली घालता येतील ते तेव्हा या समितीने बघायचं ठरलं, आणि तेही प्राधान्याच्या भागात : राजस्थानात १३,१६३ चौरस किलोमीटर, गुजरातेत ५००. दीड मराठवाड्याचे झाले सव्वादोन परभणी. बाकीच्या पावणेचौदा परभणींवर सरसकट आदेशाचं छत्र उरलं नाही.

ऊर्जा हवीच. सूर्याची वीज तर हवीच हवी. राजस्थानातल्या भडल्याला १४,००० एकरांवर २,२४५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, याचा अभिमानही वाटतो. पण सोलापूरच्या कागदावर आणि राजस्थानच्या वाळवंटावर एकच गोष्ट घडताना दिसते : जमीन मोठी होती, ती लहान झाली, आणि दोन्ही वेळा ती लहान करताना एकाही पक्ष्याला कोणी हात लावला नाही.

खरी मेख इथेच आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. माळढोक त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तुम्ही एक माळढोक मारलात तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंग, आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड. एका पक्ष्यासाठी एवढं! आणि शंभर माळढोक जगू शकतील असा माळ नांगरला, कुंपण घालून प्लॉट पाडले, वर तारा ओढल्या, तर? हद्दीतून जमीन वगळल्यावर ते करणाऱ्याला साधी नोटीससुद्धा येत नाही. पक्षी मारणं हा गुन्हा, पक्ष्याची जमीन काढून घेणं हा आदेश. पहिल्याला साक्षीपुरावा लागतो, दुसऱ्याला सहीशिक्का पुरतो.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं समजू नका. अमेरिकेने आपल्या पाठोपाठ, १९७३ साली, संकटातल्या जीवांसाठी कायदा केला. जीवाला ‘इजा’ करणं तिथे गुन्हा ठरलं, आणि त्याचं राहण्याचं ठिकाण उद्ध्वस्त करून त्याला मारणं किंवा जखमी करणं हीसुद्धा इजाच, असा अर्थ सरकारी नियमांत लावला गेला. १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा अर्थच नियमांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. एका शब्दाची व्याख्या! परभणी पुसायला आपल्याला निदान खोडरबर लागलं होतं. तिथे एका शब्दाचा अर्थ पुसला की खंडाएवढ्या देशातली रानं, दलदली आणि गवताळ मैदानं उघडी पडतात.

आता पैसे मोजू. घट्ट धरून बसा.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आपल्याला माहीत आहे. बारा जिल्ह्यांतून जायचं ठरलं, त्यांत आपला परभणी जिल्हाही आला. जमिनी देण्यावरून शेतकऱ्यांनी केलेली आंदोलनं आपण पाहिली आहेत. २०२५ च्या आराखड्यानुसार लांबी ८०२ किलोमीटर, अंदाजे खर्च ८६,३०० कोटी रुपये. एका किलोमीटरला किती? एकशे साडेसात कोटी. एका मीटरला? दहा लाख ७६ हजार. एक मीटर म्हणजे एक ढांग टाका, पावणेअकरा लाख! दुसरी ढांग टाका, साडेएकवीस लाख! अजून बारीक करू : एका सेंटीमीटरला, करंगळीच्या नखाएवढ्या रस्त्याला, १०,७६० रुपये. माळढोक मारल्याचा किमान दंड या रस्त्यावर ठेवला तर सव्वादोन सेंटीमीटरमध्ये संपतो. काडेपेटीच्या रुंदीएवढाही रस्ता होत नाही!

आणि माळढोक वाचवायला? २०१६ साली केंद्र सरकारने माळढोकाच्या अधिवासासाठी आणि कृत्रिम प्रजननासाठी सात वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला, ३३ कोटी ८५ लाखांचा. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी २४ पैसे, तेही सात वर्षांत मिळून. या पैशाचं सोनं झालं, हेही सांगितलं पाहिजे. जैसलमेरकडच्या केंद्रांत पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून पहिलं माळढोक पिल्लू जन्मलं. चोवीस पैशांत केवढं मोठं काम!

आता ते ३३ कोटी ८५ लाख शक्तिपीठाच्या रस्त्यावर अंथरू. किती रस्ता होईल? पाच किलोमीटर? दोन? एक?

तीनशे पंधरा मीटर.

सात वर्षांचा, सगळ्या देशाचा, एक अख्खी जात वाचवण्याचा पैसा, आणि रस्ता ३१५ मीटर! वर्षाचे ४५ मीटर. लांब गाडीचा फलाट याहून कितीतरी मोठा असतो.

आणि आता शेवटचा हिशेब. तो मी करून बघितला तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं. माळढोकाने पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण दोन-सव्वादोन मीटर भरतात. २.१ मीटर धरू. देशातले दीडशेच्या दीडशे माळढोक पंख पसरून, पंखाला पंख लावून एका ओळीत उभे केले, तर ओळ किती लांब होईल?

दीडशे गुणिले दोन पूर्णांक एक. तीनशे पंधरा मीटर.

तोच तुकडा! त्यांना वाचवायला दिलेल्या पैशाचा रस्ता जेवढा लांब, तेवढ्याच लांबीत सगळे माळढोक, सगळी जात, सगळा भूतकाळ आणि होता-न-होता तेवढा भविष्यकाळ मावतो. गाडी ताशी १२० च्या वेगाने तिथून गेली, तर ही ओळ ओलांडायला तिला लागतात साडेनऊ सेकंद. माळढोकाने सारा इतिहास मिळून जे काही केलं, ते सगळं साडेनऊ सेकंदांत मागे पडतं. ड्रायव्हरला आरशात बघायलाही सवड मिळत नाही.

मी या ३१५ मीटरचा हिशेब पायांनी करून बघितला. जिंतूरच्या पलीकडे, येलदरीच्या बाजूला माळाचे काही तुकडे अजून आहेत. सातबारावर त्यांच्यापुढे एकच शब्द असतो : पोटखराबा. पिकत नाही, म्हणून खराबा. पैसा देत नाही, म्हणून पडीक. कुठलाही प्रकल्प आला की पहिलं बोट याच जमिनीकडे जातं, ‘तिथे काहीच नाही’ असं म्हणून. सकाळी सातला मी तिथे चालायला लागलो. पाऊल पाऊण मीटरचं धरलं की ३१५ मीटरची ४२० पावलं होतात, मोजत चाललो. साठाव्या पावलाला टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, म्हणजे जवळच कुठे तिची अंडी होती, वाट बदलली. दीडशेच्या सुमारास तरवडाच्या पिवळ्या फुलांचं झुडूप, आणि पुढे एक चंडोल गात गात सरळ वर गेला, दिसेनासा होईपर्यंत. अडीचशेच्या पुढे ओल्या मातीत काळवीटांच्या खुरांचे टोकदार ठसे, सात-आठ जनावरांचे, सगळे एका दिशेने. तीनशेनंतर गवत गुडघ्यापर्यंत आलं आणि पँटच्या दुमडीत कुसळं घुसली. ४२० वर थांबलो. मध्ये वाट बदलूनही चार-पाच मिनिटांवर वेळ गेला नव्हता. ती कुसळं काढायला मात्र घरी अर्धा तास लागला.

माळढोक तिथे नव्हता. पण चाललेल्या प्रत्येक पावलाला तिथे कोणीतरी राहत होतं. आणि सातबारावरचा शब्द म्हणत होता, खराबा.

आपल्या जिल्ह्यात पुढची कित्येक वर्षं नकाशे उलगडले जातील, रेघा ओढल्या जातील. रस्ते लागतील, वीज लागेल, घरं लागतील, माणसालाही जगायचंच आहे. मला फक्त एवढंच हवंय की जिथे गवत आहे तिथे रेघ ओढणाऱ्याने आधी त्या जागेवर जाऊन उभं राहावं आणि सकाळी सात वाजता, मोजत, ४२० पावलं चालावीत. चार-पाच मिनिटं लागतात. मग हातातल्या पेन्सिलीने हवी तशी रेघ ओढावी, पँटच्या दुमडीत अडकलेली कुसळं काढत काढत.